गिझर चालू, पाणी गार: कॉइल बदलण्याआधी मीटर बघा

नमस्कार. निफाडचा पारा बातम्यांत यायला लागला की नाशिकभर एकच तक्रार: गिझर चालू, पाणी गार. मिस्त्री झाकण उघडायच्या आधीच सांगतो, 'कॉइल गेली.' कधी खरंच गेलेली असते. पण कॉइल करंट घेतेय का, हे फुकटात कळतं.

घरातलं बाकी सगळं बंद करा आणि महावितरणच्या मीटरपाशी उभे राहा. त्यावर लाल दिवा लुकलुकतो. आता कुणाला तरी गिझर लावायला सांगा. 2 किलोवॅटची कॉइल चालू असेल तर दिवा भराभर लुकलुकायला लागतो. गिझरवरच्या दिव्यावर मात्र जाऊ नका. कॉइल तुटली तरी तो लागू शकतो.

मीटर पळतोय, तरी पाणी गार? आधी वेळ बघा. टाकीतलं पाणी 15 अंशांवर असेल, तर 15 लिटर पाणी 60 अंशांवर जायला साधारण 25 मिनिटं लागतात, 25 लिटरला 40. दहा मिनिटांत बादली लावली तर गिझर काय करणार!

वेळ देऊनही कोमटच येतंय? मग गार पाणी मध्येच मिसळतंय. गिझर बंद करा, त्याचा इनलेट कॉक बंद करा, सोलर जोडलेला असेल तर त्याचाही. आता गरम नळ सोडा. थोड्या वेळात धार थांबायला हवी. चालूच राहिली, तर कुठल्या तरी मिक्सरमधून गार पाणी गरम लाइनीत शिरतंय. पहिला संशय हँडशॉवरवर घ्या: पुढचं बटण बंद, मागे मिक्सरचे दोन्ही नळ उघडेच.

मीटर हललाच नाही, तर एमसीबी (बोर्डावरचा, जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्वीच) बघा, मग 16 अँपिअरचा प्लग काढून बघा. पिनेजवळ तपकिरी डाग किंवा वितळलेलं प्लास्टिक दिसलं, की प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. एकच बदललात तर जुना नव्यालाही जाळतो.

पुढचं काम वायरिंग येणाऱ्यानेच करावं, एमसीबी पाडून. खालच्या झाकणात कटआउटचं, म्हणजे गिझर फार तापला की वीज तोडणाऱ्या भागाचं, छोटं बटण असतं. दाबल्यावर 'टक' आवाज आला, तर तो पडलेला होता. एकदा पडला तर ठीक. पुन्हा पडला तर थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर कॉइल बंद करणारा भाग) चिकटलाय, किंवा कॉइलवर क्षार साचलाय. बोअरचं पाणी असेल तर क्षाराची शक्यता जास्त.

मल्टीमीटरवर 2 किलोवॅटची कॉइल साधारण 26 ओहम दाखवते. काहीच दाखवलं नाही, तर तुटली. कॉइलची पिन आणि गिझरची बॉडी यांत मात्र काहीच दिसता कामा नये. दिसलं तर गिझर अजिबात लावू नका. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्वीच) पडतो तो बहुतेक यामुळेच.

कॉइल काढलीच, तर शेजारचा मॅग्नेशियम रॉड बघा; टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो. नुसती तार उरली असेल तर तोही बदला, गास्केट नवीच घाला. बसवल्यावर गरम नळातून सलग, फुसफुस न करता धार येईपर्यंत स्वीच लावू नका; कोरडी कॉइल लगेच जळते.