फिका रंग, दमदार बारोलो

तुमच्यासमोरच्या ग्लासात १९९६ ची बारोलो आहे, इटलीची लाल वाइन. ग्लास जरा तिरका करून पांढऱ्या नॅपकिनवर धरा. कडेला विटकरी झाक दिसेल, आणि मधूनही आरपार दिसतंय. मागच्या रांगेत कुणीतरी ‘पाणी घातलंय का?’ असं विचारलं, ते मी ऐकलं. बरं झालं विचारलंत. लाल वाइन जितकी गडद तितकी दमदार, या समजुतीपायी चांगल्या बाटल्या मोरीत ओतल्या जातात.

एका मोठ्या हॉटेलात हे मी डोळ्यांदेखत पाहिलंय. मित्राने इतकी वर्षं जपलेली बाटली, ऐन मे महिना, आणि हॉटेलवाल्यांनी ती दुपारभर गरम कपाटात ठेवलेली. वेटरने ती हिसके देत ओतली, तळचा गाळ सगळा ग्लासात. कोमट आणि गढूळ! वर मॅनेजर म्हणाले, ‘रंग उडालाय साहेब, खराब झालीय,’ आणि जवळजवळ भरलेली बाटली उचलून नेली. आजही आठवलं की संताप होतो. अहो, आडवी ठेवलेली बाटली आदल्या दिवशी उभी करायची, गाळ बसू द्यायचा, सतरा-अठरा अंशांवर सावकाश ओतायची. एवढंच तर करायचं असतं.

तो गाळ वाइनचाच आहे. नेबियोलो द्राक्षाची साल पातळ, तिचा रंग मुळातच कमी आणि टिकतही नाही. टॅनिन, म्हणजे साली-बियांतला तुरटपणा, आणि आंबटपणा मात्र भरपूर. तरुण बारोलो प्यायली की कडक कोरा चहा प्यायल्यासारखी जीभ आवळते. वर्षं जातात तसं टॅनिनचे कण एकमेकांना चिकटतात, काही रंगासकट तळाशी बसतात. मग वास घ्या: सुकलेला गुलाब, डांबर, चामडं, ओल्या मातीतली अळंबी.

वेळ संपत आली म्हणून खुणावताहेत, आणि ‘ही बनते कशी’ हे तर राहिलंच. भराभर सांगतो. इटलीच्या पिएमाँत प्रांतातल्या लांगे टेकड्या, बारोलो नावाचं गाव धरून अकरा गावं. द्राक्षं ऑक्टोबरात उतरतात. जुन्या पद्धतीत रस सालींबरोबर कित्येक आठवडे राहतो, साली वर येऊ नयेत म्हणून फळ्यांनी दाबून ठेवतात. मग क्रोएशियातल्या स्लावोनियाच्या ओक लाकडाची प्रचंड पिंपं. नियमाने किमान ३८ महिने मुरवायची, त्यातले १८ लाकडात; जास्त मुरवलेल्या ‘रिझर्वा’ला ६२.

१९८० च्या दशकात एलिओ अल्तारेसारख्या तिथल्या तरुण वाइन बनवणाऱ्यांनी सालींचा मुक्काम काही दिवसांवर आणला आणि २२५ लिटरची नवी फ्रेंच पिंपं घेतली. १९८३ मध्ये अल्तारेंनी वडिलांची जुनी पिंपं करवतीने कापली. वाइन गडद झाली, लवकर पिता येऊ लागली, तिला व्हॅनिलाचा वास आला. म्हणजे रंगाची भुरळ तिथेही पडलीच! जुन्या पद्धतीने वाइन बनवणारे बार्तोलो मास्कारेल्लो मात्र शेवटपर्यंत मोठ्या पिंपांवरच ठाम राहिले. मी त्यांच्या बाजूचा आहे. आता घोट घ्या, आणि गिळायच्या आधी तोंडभर फिरवा.