व्याजावर जगणाऱ्यांचा 31 मार्च

[पडद्यावर: पोस्टाची खिडकी. रांगेत ज्येष्ठ मंडळी, हातात पासबुकं.]

31 मार्च 2021. अल्पबचतीचे व्याजदर कमी केल्याचा आदेश निघाला. पीपीएफ, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, 7.1 वरून 6.4 टक्के. ज्येष्ठ नागरिक बचत योजना 7.4 वरून 6.5. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्थमंत्र्यांचं ट्विट: आदेश नजरचुकीने निघाला, मागे घेत आहोत. तारीख 1 एप्रिल! विनोदांना आयतं निमित्त मिळालं.

खरी कपात मात्र वर्षभर आधीच होऊन गेली होती. एप्रिल 2020 मध्ये ज्येष्ठांच्या योजनेचा दर 8.6 वरून थेट 7.4 वर आला. तेव्हा सगळ्यांचं लक्ष करोनाकडे आणि कोसळत्या शेअर बाजाराकडे. 15 लाखांवर तिमाहीला 32,250 रुपये यायचे, तिथे 27,750 येऊ लागले. साडेचार हजारांची खोट.

पण कोणाला? फक्त नव्या खातेदारांना. या योजनेत खातं उघडताना जो दर असतो, तोच पाच वर्षं राहतो. मार्च 2020 मध्ये पैसे ठेवले, त्यांना मार्च 2025 पर्यंत 8.6 मिळत राहिले. पीपीएफचं तसं नाही. तिथे दर घटला की जुन्या शिलकेलाही तो लागतो. निवृत्तीवेळी मिळालेले फंडाचे सगळे पैसे एकाच महिन्यात ज्येष्ठांच्या योजनेत टाकले, की पाच वर्षांनी त्या वेळी जो दर असेल तो पदरात घ्यावा लागतो. टप्प्याटप्प्याने ठेवावेत ते यासाठी.

[पडद्यावर: दलाल स्ट्रीट, लाल आकडे.]

23 मार्च 2020. सेन्सेक्स एका दिवसात 3,934 अंकांनी पडला. नोव्हेंबरपर्यंत तो जानेवारीच्या पातळीवर परतलाही. मग नुकसान झालं कोणाचं? घरखर्चासाठी त्या पडझडीतच विकावं लागलं त्यांचं. समजा, महिन्याला 20,000 हवेत. म्युच्युअल फंडाच्या युनिटचा भाव 50 असेल तर 400 युनिट विकावे लागतात. भाव 32 झाला, की 625. बाजार सावरतो, विकलेले युनिट परत येत नाहीत. दोन-तीन वर्षांचा खर्च बाजाराबाहेर असावा, हा सल्ला कंटाळवाणा आहे खरा, पण त्यामागचं गणित हे आहे.

करांचे नियमही असेच बदलतात. डेट फंडांतल्या, म्हणजे कर्जरोख्यांत पैसे लावणाऱ्या म्युच्युअल फंडांतल्या, नव्या गुंतवणुकीची इंडेक्सेशनची (महागाईच्या प्रमाणात खरेदी किंमत वाढवून नफ्यावरचा कर कमी करण्याची) सवलत 1 एप्रिल 2023 पासून गेली, आणि बदल लोकसभेत मंजूर झाला 24 मार्चला. हातात जेमतेम आठवडा. जुन्या गुंतवणुकीची सवलत तरी टिकेल असं वाटत होतं. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पाने तीही काढून घेतली.

[पडद्यावर: कागद, पेन, कॅल्क्युलेटर.]

कधी बदल फायद्याचाही असतो. एप्रिल 2023 मध्ये ज्येष्ठांच्या योजनेचा दर 8.2 झाला, मर्यादा 15 लाखांवरून 30 लाख. ज्यांचं खातं 7.4 वर अडकलं होतं आणि दोन वर्षं पूर्ण झाली होती, त्यांना ते मोडून नवं उघडता येत होतं. दंड एक टक्का, म्हणजे 15 लाखांवर 15,000. जादा व्याज वर्षाला 12,000. सव्वा वर्षात दंड वसूल, पुढचा नफा. खिडकीवर हे कोणी आपणहून सांगत नाही. एक मेख मात्र आहे. जुन्या खात्यावर प्राप्तिकरात 80सी कलमाची वजावट घेतली असेल, तर पाच वर्षांच्या आत काढलेली ती रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नात धरली जाते. तेव्हा मोडण्याचा अर्ज भरण्याआधी जुनी विवरणपत्रं काढून बघा.