शुभवर्तमान, वर्तमानपत्र आणि एक अवाढव्य चीज

अध्यक्ष महोदय आणि मंडळी,

'मंडळी' हे संबोधन मी मुद्दाम वापरले. मराठी ख्रिस्ती माणूस चर्चला मंडळी म्हणतो आणि मराठी वक्ता श्रोत्यांना. त्यामुळे आपल्यापैकी जे रविवारी कुठेच जात नाहीत, त्यांनाही आज तासभर मंडळीत बसावे लागले आहे. 'धर्मनिरपेक्ष समाजातील श्रद्धा आणि इव्हँजेलिकल वृत्तपत्रे' असा विषय जाहीर झाला आहे, आणि त्यातील वृत्तपत्रांपर्यंत मी पोहोचेन असा शब्द मी अध्यक्षांना दिला आहे. वाटेत एका चीजपाशी बराच वेळ मुक्काम होणार आहे, हे मात्र मी त्यांना सांगितलेले नाही.

इव्हँजेलिकल या शब्दाच्या मुळाशी चांगली बातमी असा अर्थ असलेला ग्रीक शब्द आहे. मराठी भाषांतरकारांनी त्याला सुवार्ता म्हटले, शुभवर्तमान म्हटले. आणि ज्या वर्तमानातून शुभवर्तमान घडले, त्याच वर्तमानातून पुढे वर्तमानपत्रही घडले. बातमी ज्याच्या नावातच आहे अशा पंथाने बातमीच्या बाबतीत हयगय केली, तर ती इतरांच्या हयगयीपेक्षा अधिक बोचावी, अशी माझी जुनी तक्रार आहे. इव्हँजेलिकल कोणाला म्हणावे यावर वाद पुष्कळ आहेत, पण इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ साली सांगितलेली चार लक्षणे बहुतेकांना चालतात: पवित्र शास्त्राचे प्रामाण्य, वधस्तंभाचे केंद्रस्थान, प्रत्येकाच्या आयुष्यात घडणारे हृदयपरिवर्तन आणि श्रद्धेतून येणारी कृतिशीलता. राज्यसत्तेचे पाठबळ हे पाचवे लक्षण या यादीत नाही, एवढे आपण ध्यानात ठेवावे.

दुसरा शब्द सेक्युलर. येथे मराठीने आपल्यावर मोठा उपकार केला आहे, कारण इंग्रजीत जिथे एकाच शब्दावर भागवावे लागते तिथे आपल्याकडे दोन आहेत. इहवाद ही जीवनदृष्टी आहे. जॉर्ज होलिओक या इंग्रज विचारवंताने १८५१ साली जी 'सेक्युलॅरिझम' म्हणून मांडली ती ही. धर्मनिरपेक्षता हा राज्यकारभाराचा नियम आहे. राज्याने कोणत्याही धर्माची बाजू घ्यायची नाही, एवढेच तो सांगतो. इहवादी माणसाशी श्रद्धावंताचे जमणार नाही हे उघड आहे, पण धर्मनिरपेक्ष राज्याशी त्याचे भांडण असण्याचे कारण काय? (जाता जाता सांगतो: ईश्वरनिंदेबद्दल होलिओक तुरुंगात गेला ते साल १८४२, आणि अमेरिकन मिशनऱ्यांनी अहमदनगरला 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केले तेही साल १८४२. एकाला देवाविषयी बोलल्याबद्दल कोठडी आणि दुसऱ्याला देवाविषयी छापण्यासाठी छापखाना, असा तो योग होता.)

हे भांडण मुळात आपले नव्हतेच, हा माझा आवडता मुद्दा आहे आणि त्यासाठीच ते चीज.

१८०० सालच्या अमेरिकन निवडणुकीत टॉमस जेफरसन उभा राहिला, तेव्हा न्यू इंग्लंडमधील अनेक धर्मोपदेशकांनी तो नास्तिक असल्याची हाकाटी केली. हा निवडून आला तर पवित्र शास्त्रे जप्त होतील, या भीतीने काही घरांत ती लपवून ठेवण्यात आली, असेही सांगतात. जेफरसनची मते पारंपरिक ख्रिस्ती माणसाला पटणारी नव्हतीच. तरीही मॅसॅच्युसेट्समधल्या चेशायर नावाच्या एका लहान गावाने त्याच्या बाजूने कौल दिला, आणि त्या गावाचा पुढारी होता जॉन लीलँड हा बॅप्टिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचा पाळक. पश्चात्ताप, नवा जन्म आणि वधस्तंभ यांखेरीज ज्याला दुसरे काही गाता येत नव्हते असा हा खणखणीत सुवार्तिक; त्याने या 'नास्तिका'साठी गावाला कामाला लावले.

कारण साधे होते. मॅसॅच्युसेट्स आणि शेजारच्या कनेक्टिकटमध्ये काँग्रिगेशनल मंडळीला राज्याचा आश्रय होता. तिच्या पाळकांचे वेतन करातून दिले जाई आणि आपण वेगळ्या पंथाचे आहोत असा दाखला बॅप्टिस्ट माणसाने सादर केला, तरच त्याची त्या करातून सुटका होई. आपल्या श्रद्धेसाठी दुसऱ्या मंडळीला धार्जिण्या असलेल्या राज्याकडे सूट मागायची, ही गोष्ट लीलँडला सहन होत नसे. व्हर्जिनियात असताना त्याने याहून वाईट पाहिले होते. तेथे परवान्याशिवाय उपदेश केला म्हणून बॅप्टिस्ट उपदेशकांना तुरुंगात टाकीत, आणि ते गजांआडून बाहेर जमलेल्या लोकांना उपदेश करीत. गणिताच्या सिद्धांतांशी सरकारचा जितका संबंध, तितकाच माणसांच्या धर्ममतांशी, असे लीलँडने १७९१ साली लिहिले. हे स्वातंत्र्य यहुद्यांना, तुर्कांना (म्हणजे मुसलमानांना) आणि मूर्तिपूजकांनाही ख्रिस्ती माणसाइतकेच मिळाले पाहिजे, असेही त्याने लिहून ठेवले आहे.

तर १८०१च्या जुलै महिन्यात एके दिवशी चेशायरच्या घराघरांतून दूध गोळा झाले. गाई नऊशे होत्या असे म्हणतात, आणि त्यांत विरोधी फेडरलिस्ट पक्षाच्या माणसाची एकही गाय येऊ द्यायची नाही असा दंडक होता असेही म्हणतात. गाईंचे राजकीय मत कसे तपासले, याची नोंद मिळत नाही. एवढ्या दह्याला पुरेल असा साचा कोणाकडेच नसल्यामुळे सफरचंदाचा रस काढण्याचा मोठा दाबयंत्राचा घाणा वापरावा लागला. चार फुटांहून अधिक व्यासाचे, १,२३५ पौंड वजनाचे, म्हणजे सुमारे ५६० किलोचे चीज तयार झाले. जुलमी सत्तेविरुद्ध बंड करणे म्हणजे देवाची आज्ञा पाळणे, अशा अर्थाचे वचन त्याच्यासाठी निवडले होते. मग लीलँडने ते बर्फावरच्या घसरगाडीने, जहाजाने आणि शेवटी घोडागाडीने असे मजल दरमजल करीत वॉशिंग्टनला नेले. वाटेत चीज पाहायला जमणाऱ्या गर्दीला उपदेश करण्याची एकही संधी त्याने सोडली नाही; स्टॉलवर पुस्तके मांडून श्रोत्यांची वाट पाहणाऱ्या आपल्यासारख्यांनी यातून काही शिकण्यासारखे आहे. १ जानेवारी १८०२ रोजी चीज जेफरसनच्या हवाली झाले. सोबतच्या मानपत्रात गावकऱ्यांनी लिहिले होते की हे चीज स्वतंत्र शेतकऱ्यांनी स्वतःच्या श्रमाने केले आहे आणि त्याला एकाही गुलामाचा हात लागलेला नाही. मानपत्र स्वीकारणाऱ्याकडे त्या वेळी अनेक गुलाम होते. पाळक काहीही बोलला नाही, पण कागद बोलला.

त्याच दिवशी जेफरसनने एका पत्राला उत्तर दिले. पत्र कनेक्टिकटमधल्या डॅनबरी येथील बॅप्टिस्टांचे होते, आदल्या ऑक्टोबरात लिहिलेले. आम्ही जे धार्मिक स्वातंत्र्य उपभोगतो ते आमचा अविभाज्य हक्क म्हणून मिळत नाही, मेहेरबानी म्हणून मिळते, अशी त्यांची व्यथा होती. धर्म ही माणूस आणि त्याचा देव यांच्यामधली गोष्ट आहे आणि अमेरिकन जनतेने मंडळी व राज्य यांच्यामध्ये विभाजनाची भिंत उभी केली आहे, असे जेफरसनने उत्तरात लिहिले. आज जगभर उद्धृत होणारी ती भिंत ती हीच. दोन दिवसांनी, रविवारी, लीलँडने प्रतिनिधिगृहात उपदेश केला आणि ज्याला नास्तिक म्हणून शिव्या बसत होत्या तो राष्ट्राध्यक्ष समोर बसून ऐकत होता.

जेफरसनने ही उपमा कुठून घेतली ते सांगता येत नाही, पण ती त्याच्या आधी दीडशे वर्षे वापरात होती. रॉड आयलंडचा संस्थापक रॉजर विल्यम्स याने १६४४ साली मंडळीची बाग आणि जगाचे रान यांच्यामधल्या कुंपणाविषयी लिहिले आहे, आणि त्याला काळजी होती ती बागेची. त्याच्याही आधी, १६१२ साली, इंग्लंडमधला बॅप्टिस्ट टॉमस हेल्विस याने राजाला सांगितले की माणसाचा धर्म हा त्याच्या आणि देवाच्या मधला विषय आहे, मग तो माणूस पाखंडी असो, तुर्क असो की यहुदी. हेल्विसला तुरुंगात टाकले आणि तो तिथेच वारला. म्हणजे भिंत मागितली ती बागेतल्या लोकांनी.

आता माझी तक्रार. काही वर्षांपूर्वी हीच कथा मी एका ख्रिस्ती नियतकालिकाला लिहून पाठवली. शीर्षक दिले होते 'धर्मनिरपेक्षतेचे पाळक'. अंक हाती आला तेव्हा लेख होता, चीज होते, गाईसुद्धा होत्या. शीर्षक मात्र 'धर्मनिरपेक्षतेच्या विळख्यात मंडळी' असे झाले होते आणि शेवटचे दोन परिच्छेद जागेअभावी गेले होते, म्हणजे नेमके विल्यम्स आणि हेल्विस. मी संपादकांना फोन केला. ते अतिशय नम्रपणे म्हणाले, ''अहो, वाचकांना विळखा लगेच कळतो. पाळक म्हटले की वर्गणीचे आवाहन वाटते.'' त्यांचे म्हणणे व्यवसायाच्या दृष्टीने अगदी खरे असेल, आणि म्हणूनच मी अजून रागावलेलो आहे. आपल्या बहुतेक पत्रांत समाज दोनच रूपांत येतो: आपल्याला घेरणारा शत्रू किंवा आपण ज्याचे परिवर्तन करणार आहोत ते शेत. ज्याच्याशी समान नियमांखाली एकत्र राहायचे तो शेजारी त्यांत क्वचितच भेटतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. 'सात मिनिटे' असे लिहिले आहे आणि सातखाली दोन रेघा आहेत. तेव्हा वृत्तपत्रांविषयी जे सांगायचे होते ते आता पळत पळत सांगतो, आणि क्रमाची अपेक्षा आपण सोडावी.

पहिले म्हणजे पुरावा. ज्या १८०२ साली चीज वॉशिंग्टनला पोहोचले, त्याच साली लंडनमध्ये क्लॅपहॅमच्या इव्हँजेलिकल मंडळींनी 'ख्रिश्चन ऑब्झर्व्हर' हे मासिक सुरू केले. त्याची धुरा बरीच वर्षे झॅकरी मॅकॉले याच्याकडे होती आणि गुलामांच्या व्यापाराविषयीची माहिती, आकडे, साक्षी गोळा करणे हे त्याचे दुसरे काम होते. संसदेतल्या ज्या सभासदाला पवित्र शास्त्राशी काही देणेघेणे नव्हते, त्यालाही तो पुरावा खोडता येत नसे. १८०७ साली तो व्यापार कायद्याने बंद झाला त्यात या चिकाटीचा वाटा आहे. आपल्या श्रद्धेतून विषय निवडावा आणि सर्वांना तपासता येईल अशा भाषेत मांडावा, ही रीत आपल्याकडे होती.

दुसरे म्हणजे आकड्यांची भीती. २०११च्या जनगणनेत इंग्लंड व वेल्समधील ५९.३ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटले होते, २०२१ मध्ये ते ४६.२ टक्क्यांवर आले, आणि कोणताही धर्म नाही असे सांगणारे ३७.२ टक्के झाले. यावर शोकांतिकेचे मथळे लिहिण्यापूर्वी एवढे नोंदवावे की ही घसरण, इंग्लंडपुरते बोलायचे तर, जिथे आजही मंडळीला राज्याचे अधिष्ठान आहे आणि सव्वीस बिशप वरिष्ठ सभागृहात बसतात, तिथली आहे. यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही हे मला मान्य आहे. पण राज्याश्रयाने श्रद्धा टिकते या समजुतीला यातून फारसा आधार मिळत नाही.

तिसरे म्हणजे स्वतःच्या घरातली बातमी, आणि यासाठी खरे तर मला अर्धा तास हवा होता. अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांमधील लैंगिक अत्याचारांचा माग २०१९ साली काढला तो टेक्सासमधल्या दोन सर्वसाधारण दैनिकांनी. सुमारे सातशे पीडितांची प्रकरणे त्यांनी उजेडात आणली. ज्या 'सेक्युलर माध्यमां'विरुद्ध आपण सावध करतो, त्यांनी आपल्या मुलाबाळांची काळजी आपल्याआधी घेतली. याच्या उलट उदाहरणही आहे, आणि ते सांगितले नाही तर मी त्या संपादकांसारखाच ठरेन. अमेरिकन सुवार्तिक बिली ग्रॅहम यांच्या पुढाकाराने १९५६ साली सुरू झालेल्या 'ख्रिश्चॅनिटी टुडे'ने २०२२ साली आपल्याच कार्यालयातील छळाच्या तक्रारींची बातमी आपल्याच वार्ताहराकडून करवून घेतली आणि छापली. याच मासिकाने डिसेंबर २०१९ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांना पदावरून दूर करावे असे संपादकीय लिहिले, तेव्हा त्याचे कित्येक वाचक तुटले आणि कित्येक नवे जोडले गेले. त्या संपादकीयाशी आपण सहमत असा किंवा नसा, पण सत्तेच्या मेहेरबानीवर जगणाऱ्याला ते लिहिता आले नसते, आणि डॅनबरीच्या लोकांना त्या मेहेरबानीचीच धास्ती होती.

त्यांचे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. जेफरसनच्या उत्तराने त्यांचा कर माफ झाला नाही, कारण धर्मस्वातंत्र्याची हमी देणारी अमेरिकेची पहिली घटनादुरुस्ती त्या काळी केवळ संघराज्याला बांधून ठेवी, घटक राज्यांना नाही. कनेक्टिकटने १८१८ साली मंडळीचा राज्याश्रय काढला आणि लीलँडच्या मॅसॅच्युसेट्सने १८३३ साली. त्या पत्राची आठवण सर्वोच्च न्यायालयाला १८७९ साली झाली. चीजवर मात्र वर्तमानपत्रांनी तेव्हाच यथेच्छ लिहिले, टवाळीही केली. त्या अर्थाने चीजचे चीज झाले आणि पत्राचे व्हायला पाऊण शतक लागले.

दुसरी चिठ्ठी आली आहे. मला वाटले 'थांबा' असेल. पण अध्यक्षांनी विचारले आहे, ''ते चीज फुकटच दिले का?'' नाही, महोदय. जेफरसन भेटी स्वीकारीत नसे. त्याच्या हिशेबाच्या वहीत ४ जानेवारी १८०२ या तारखेला १,२३५ पौंडांचे चीज आणणाऱ्या रेव्हरंड लीलँड यांना दोनशे डॉलर दिल्याची नोंद आहे.