दाराजवळची खुर्ची

(एका ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नव्यानं येऊ लागलेल्यांसाठी घेतलेल्या बैठकीतलं बोलणं, थोडं संपादित करून.)

बसा, बसा. मागं बसलेल्यांना मी पुढं बोलावणार नाही, काळजी नको. दाराजवळच्या त्या खुर्च्या आम्ही मुद्दाम मोकळ्या ठेवतो. पहिले चार रविवार मीही तिथंच बसलो होतो, उठून जाता यावं म्हणून.

रविवारी उपासनेनंतर तुमच्यापैकीच एकानं मला विचारलं, "मधेच सगळे एकदम ओरडायला लागले, भांडण झालं होतं का?" भांडण नव्हतं, प्रार्थना होती. पण प्रश्न अगदी रास्त आहे. गाणी पाऊण तास चालतात, ड्रम वाजतो, लोक हात वर करतात, कोणी रडतं, आणि शेजारचा गृहस्थ आपल्याला न कळणाऱ्या भाषेत पुटपुटत असतो. पहिल्यांदा येणाऱ्याला काय वाटणार? पन्नासाव्या दिवसाच्या सणाला शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तेव्हा बघणाऱ्यांनाही हे लोक प्यायलेत असंच वाटलं होतं. मग येशूचा शिष्य पेत्र उभा राहिला आणि त्यानं सांगितलं की हे प्यायलेले नाहीत, आत्ता कुठे सकाळचे नऊ वाजलेत. म्हणजे मंडळीच्या इतिहासातलं पहिलं प्रवचन एका गैरसमजाचा खुलासा करतच सुरू झालं. मीही आज तेवढंच करणार आहे.

आमच्यासारख्या मंडळीला 'इव्हँजेलिकल' आणि 'करिश्मॅटिक' म्हणतात. आधी हे दोन अवघड शब्द उरकून घेऊ. 'इव्हँजेलिकल' हा शब्द शुभवर्तमानासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आला. डेव्हिड बेबिंग्टन या इतिहासकारानं १९८९ साली अशा ख्रिस्ती लोकांच्या चार खुणा सांगितल्या: पवित्र शास्त्राला शेवटचा शब्द मानणं, वधस्तंभाला मध्यभागी ठेवणं, माणसाचं मन आतून पालटलं पाहिजे असा आग्रह, आणि विश्वास कामातून दिसला पाहिजे ही धडपड. आमच्याकडे या चारही आहेत. चौथी थोडी लंगडते, हेही सांगून टाकतो.

'करिश्मॅटिक' म्हटलं की पुढाऱ्याचा करिश्मा डोळ्यांपुढं येतो. तसलं काही नाही. 'खारिस्मा' म्हणजे कृपेनं, फुकट मिळालेलं दान. आपल्या बायबलात 'कृपादान' हा नेमका शब्द आहे. प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात त्यांची यादी आहे: ज्ञानाचं वचन, विश्वास, रोग बरे करण्याची दानं, देवाचा संदेश देणं, अन्य भाषा (म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेनं, न शिकलेल्या भाषा) बोलणं, त्यांचा अर्थ सांगणं आणि आणखी काही. ही दानं प्रेषितांच्या काळापुरतीच होती असं मानणारे पुष्कळ प्रामाणिक ख्रिस्ती आहेत. ती आजही मिळतात असं आम्ही मानतो. यावरून कोणाचं तारण, म्हणजे उद्धार, ठरत नाही, तेव्हा वाद घालायचाच असेल तर चहा घेत घाला.

हे सगळं परदेशातून आलेलं खूळ आहे, असं बरेचदा ऐकू येतं. असं म्हणणाऱ्यांना मी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनची, म्हणजे निराधार स्त्रिया आणि मुलींसाठीच्या त्यांच्या आश्रमाची, गोष्ट सांगतो. जून १९०५, केडगाव. एका रात्री तिथली एक मुलगी आपल्यावर आग उतरली असं म्हणत जागी झाली. त्या वेळच्या हकिगतीत असं आहे की तिच्या खोलीतल्या दुसऱ्या मुलीला ती आग दिसली. ती धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली, आणि ओतणार तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की ही काही जळत नाहीये. मला त्या बादलीवाल्या मुलीचं फार कौतुक वाटतं. प्रसंग पाहून तिनं आधी शहाणपणाची गोष्ट केली. पुढं तिथं मुलींच्या प्रार्थना सुरू झाल्या, त्या बराच काळ थांबल्या नाहीत. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी एब्रम्स यांनी त्यावर एक पुस्तिका लिहिली. ती चिलीत वाल्पाराइसोला हूव्हर नावाच्या मेथॉडिस्ट मिशनरी दांपत्याच्या हाती पडली, आणि १९०९ साली तिथं जी आध्यात्मिक जागृती झाली तिच्यातून चिलीतल्या पेंटेकोस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या, मंडळ्या उभ्या राहिल्या. केडगावहून चिली! हा रस्ता बऱ्याच जणांना ठाऊक नसतो.

दुसरं नाव विल्यम सीमूर यांचं. त्यांचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. ह्यूस्टनच्या बायबल शाळेत ते शिकायला गेले, पण काळ्या माणसानं गोऱ्यांबरोबर वर्गात बसायचं नाही असा तिथला रिवाज होता. म्हणून त्यांनी वर्गाबाहेर बसून, उघड्या दारातून धडे ऐकले. पुढच्याच काही महिन्यांत, १९०६ च्या एप्रिलात, लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या एका जुनाट इमारतीत त्यांच्या सभा सुरू झाल्या आणि तिथं काळे-गोरे एकत्र गुडघे टेकू लागले. आजच्या पेंटेकोस्टल चळवळीचा मोठा हिस्सा आपलं मूळ तिथं शोधतो. पुढं १९६० नंतर हेच वारं अँग्लिकन, लूथरन आणि १९६७ पासून कॅथलिक मंडळ्यांतही शिरलं. तेव्हा 'करिश्मॅटिक' हा काही एकच पंथ नाही.

आता मुद्द्यावर येतो. करिंथकरांस लिहिलेल्या त्याच पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय घरी जाऊन वाचा, कारण तो तुमच्यासाठी लिहिलाय. पौल विचारतो: तुम्ही सगळे अन्य भाषा बोलत असताना बाहेरचा माणूस आत आला, तर तुम्हाला वेड लागलंय असं तो म्हणणार नाही का? करिंथच्या लोकांना आपल्या अनुभवाची मोठी मिजास होती, आणि पौल त्यांना दाराशी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या डोळ्यांनी स्वतःकडे बघायला लावतो. मंडळीत दहा हजार न कळणाऱ्या शब्दांपेक्षा मी समजणारे पाच शब्द बोलेन, असं तो म्हणतो. अन्य भाषेत बोलायचं तर दोघांनी, फार तर तिघांनी, तेही पाळीपाळीनं, आणि कोणीतरी अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर गप्प बसावं. आम्ही हे नेहमी पाळतो का? नाही. रविवारी तुम्ही जे पाहिलं ते पौलाला चाललं असतं का, याबद्दल आमच्या वडीलजनांतही एकमत नाही. पण तुम्ही गोंधळलात तर चूक तुमची नाही, एवढं त्या अध्यायातून निश्चित निघतं.

प्रार्थनेसाठी पुढं जायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवायचं. गेलात तर काय होतं ते सांगतो. एक माणूस नाव विचारेल, कशासाठी प्रार्थना हवी ते विचारेल, आणि खांद्यावर हात ठेवू का हेही विचारेल. नको म्हणालात तर हात खाली. हा नियम मी भांडून करून घेतलाय. तरुणपणी एका सभेत प्रार्थना करणाऱ्यानं माझ्या कपाळावर तळवा ठेवला आणि हळूहळू मागं रेटायला सुरुवात केली. मला पकडायला मागं दोघे तयारच उभे होते. मी पाय रोवून उभा. तो रेटतोय, मी रेटतोय, अशी कुस्ती मिनिटभर चालली. शेवटी तो पुढच्याकडे वळला. काही माणसं खरंच भारावून खाली बसतात, मी पाहिलंय. पण आत्मा असेल तर त्याला मनगटाचा जोर लागायला नको.

कोणी येऊन "प्रभूनं मला तुमच्याबद्दल संदेश दिलाय" असं म्हणालं, तर शांतपणे ऐका, घरी जा, शास्त्राशी ताडून बघा, जाणत्या माणसाला विचारा. संदेश तुच्छ मानू नका, पण पारख करा, असं थेस्सलनीकाकरांच्या पत्रातच आहे. लग्न, नोकरी, पैसा यांबद्दलचा संदेश असेल तर दुप्पट पारख करा.

आजार बरे होण्याबद्दल बोलताना मी जरा सावकाश बोलतो. आम्ही आजाऱ्यांना तेल लावून प्रार्थना करतो, याकोबाच्या पत्रात तसं सांगितलंय. काही जण बरे झालेले मी पाहिलेत, आणि त्यांचे डॉक्टरही चकित झाले होते. माझ्या धाकट्या भावासाठी आम्ही आठ महिने प्रार्थना केली. तो गेला. अंत्यविधीनंतर आठवडाभरानं एका प्रार्थना-सभेत कोणीतरी मला म्हणालं, विश्वास कमी पडला असेल. त्या माणसाचा हेतू वाईट नव्हता. मी मात्र पुढचे सात-आठ महिने कुठल्याच मंडळीत गेलो नाही. पौलाच्या स्वतःच्या देहातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, तीनदा विनंती करूनही गेला नव्हता, हे त्या दिवशी मला कोणी आठवून दिलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हा आमच्याकडे कोणी तुम्हाला विश्वास कमी पडला असं म्हणालं, किंवा औषध बंद करा म्हणालं, तर त्याच दिवशी येऊन मला सांगा. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आत्ताही खिशात आहेत.

पैशाचं थोडक्यात सांगतो. दानाची पिशवी फिरते तेव्हा ती पुढं सरकवा. दान हे मंडळीच्या लोकांनी द्यायचं आहे, पाहुण्यांनी नाही. वर्षाचा हिशोब सभासदांपुढं ठेवला जातो, आणि तो तुम्हीही मागून बघू शकता. द्याल त्याच्या दसपट मिळेल असं व्यासपीठावरून कोणी म्हणालं, तर निदान मी तरी उठून बाहेर जाईन. बाप्तिस्म्याची कोणालाच घाई नाही. आमच्याकडे तो पाण्यात बुडवून देतात, स्वतः समजून मागणाऱ्यालाच देतात, आणि त्याआधी पाळकांशी बऱ्याच बैठका होतात. त्या बैठकांत लोक कधीकधी नको म्हणूनही परत जातात. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, वेळी नुसतं बसून राहिलात तरी कोणी वळून बघणार नाही.

बाकी प्रश्न विचारा, आत्ताच विचारा. आणि हो, ड्रम डाव्या बाजूला आहे. डोकं दुखत असेल तर रविवारी उजवीकडच्या दाराजवळ बसा.