अ‍ॅरिझोनात हरीण मारायचंय? आधी सोडतीत नाव लागायला हवं

नमस्कार मंडळी! अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत सरकारी जमिनीवर सामान्य माणसालाही शिकार करता येते. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकारीचा विषय संपला, त्यामुळे ही सगळी पद्धत आपल्याला नवी वाटते. पण तिथेही बंदूक घेतली आणि निघाले, असं चालत नाही. म्हाडाच्या घरांची सोडत निघते ना, तशी इथे हरणांची निघते. जूनच्या सुमारास अर्ज भरायचा आणि निकालाची वाट बघायची.

आज मी अ‍ॅरिझोना स्ट्रिपबद्दल बोलणार आहे. ग्रँड कॅनियनच्या उत्तरेला राज्याचा हा कोरडा, जवळजवळ निर्मनुष्य तुकडा आहे. शिकारीच्या नकाशावर युनिट १३ए आणि १३बी. बरीचशी जमीन केंद्र सरकारची. इथले म्यूल डिअर, म्हणजे खेचरासारखे लांब कान असलेलं हरीण, शिंगांसाठी जगभर प्रसिद्ध आहे. ती शिंगं दरवर्षी झडतात आणि नव्याने येतात. नर पाच-सात वर्षांचा होईपर्यंत त्यांचा पसारा वाढत जातो. चारा आणि वंश महत्त्वाचे आहेतच, पण नर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच मारला गेला तर त्यांचा काय उपयोग? म्हणून टॅग, म्हणजे शिकारीचे परवाने, मोजकेच काढतात. एक टॅग म्हणजे एक हरीण, ठरलेलं युनिट, ठरलेल्या तारखा.

आता नंबर कसा लागतो ते बघा. यंदा नाव लागलं नाही की एक बोनस पॉइंट जमा. संगणक प्रत्येक अर्जाला एक आकडा देतो, शिवाय दर पॉइंटमागे एकेक जादा. त्यातला सगळ्यात लहान आकडा तुमचा. ज्याचा आकडा लहान, त्याचा अर्ज आधी. यातले २० टक्के टॅग सर्वाधिक पॉइंटवाल्यांसाठी पहिल्या फेरीत बाजूला काढलेले असतात. परराज्यातल्या लोकांना फार तर १० टक्के.

ऐकायला न्याय्य वाटतं. पण समजा, सगळ्यात वरच्या पायरीवर शंभर जण उभे आहेत आणि त्यांच्या वाट्याला टॅग आहेत दहा. ती पायरी रिकामी व्हायलाच दहा वर्षं लागणार, आणि तोवर खालची गर्दी वाढतच राहणार. शिकारी याला ‘पॉइंट क्रीप’ म्हणतात. आज अठरा वर्षांच्या मुलाने सुरुवात केली तर वरच्या पायरीपर्यंत तो कधी पोहोचेल, हे कुणी सांगू शकत नाही. मला हे पटत नाही. न्यू मेक्सिको आणि आयडाहोत हरणांसाठी पॉइंटच नाहीत. दरवर्षी सगळे एकाच रेषेवर. जमीन सगळ्यांची असेल तर मला हीच पद्धत बरोबर वाटते.

मग शिकारच बंद का करत नाहीत? याचं उत्तर शेजारच्याच कायबाब पठारावर आहे. १९०६ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी ते राखीव केलं. हरणांची शिकार थांबली, आणि हरणांना खाणारे प्यूमा, कोयोटी, लांडगे सरकारी माणसांनी वेचून मारले. हरणं बेसुमार वाढली, पाला-झुडपं ओरबाडून संपवली. १९२४च्या डिसेंबरात माणसं रांग धरून घंटा वाजवत निघाली, हरणांना हाकत कॅनियनपलीकडे न्यायचं म्हणून. हिमवादळ आलं, हरणं रांगेतूनच मागे पळाली आणि पलीकडे एकही गेलं नाही. त्या हिवाळ्यांत हजारो हरणं उपासमारीने मेली. आज टॅग किती काढायचे हे ठरवताना कळपाची पाहणी होते, नर-मादीचं प्रमाण बघतात. त्यामागे हा अनुभव आहे.

आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. स्ट्रिपवर पाणी कमी, त्यामुळे पाणवठ्यांवर शिकाऱ्यांचे कॅमेरे झाडोझाडी बांधलेले असायचे. कुठला नर किती वाजता पाण्यावर येतो, सगळं फोटोत. १ जानेवारी २०२२पासून अ‍ॅरिझोनाने शिकारीसाठी असे कॅमेरे लावायला बंदी घातली. योग्यच केलं. इतक्या वर्षांनी टॅग लागलेल्या माणसाने तेवढे कष्ट करावेत, टेकडीवर बसून दुर्बिणीने डोंगर-उतार धुंडाळावेत.

फिनिक्स-टूसॉनकडच्या मराठी मंडळींपैकी कुणी अर्ज भरणार असेल, तर आधी राज्याचा हंटर एज्युकेशनचा कोर्स करून घ्या. सुरक्षितपणा शिकायला मिळतोच, शिवाय एक कायमचा बोनस पॉइंट मिळतो. टॅग लागल्यावर जमवलेले पॉइंट जातात, हा मात्र राहतो.