जांभळा उजेड म्हणजे फ्यूजन नव्हे

फ्यूजन, म्हणजे हलक्या अणूंची केंद्रकं जुळून एक होणं, घरीही होऊ शकतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत तेवढ्याचीच वाट पाहाल. इलेक्ट्रॉनिक टेलिव्हिजनवाला फिलो फार्न्सवर्थ, त्यानेच १९६० च्या दशकात हे यंत्र उभं केलं आणि रॉबर्ट हर्श यांनी ते पुढे नेलं. नाव फ्यूसर. अमेरिकेत टेलर विल्सनने २००८ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, ते चालवून दाखवलं. आपल्या बडोद्यातल्या अकरावीच्या एका विद्यार्थ्याने हे वाचलं आणि विचारलं, "सर, कमी खर्चात जमेल का?"

रचना सोपी आहे. स्टीलचं पोकळ भांडं, मधोमध तारेची जाळी, जाळीवर उणे २० ते ४० हजार व्होल्ट. आतली हवा उपसून किंचित ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, सोडायचा. त्याचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, जाळीकडे झेपावतात आणि काही थोडे टक्कर होऊन जुळतात. जुळताना न्यूट्रॉन बाहेर पडतात, तीच फ्यूजनची खूण. २० हजार व्होल्टनी मिळणारी ऊर्जा तापमानात मोजली तर सुमारे २३ कोटी अंश! सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी. पण वायू इतका विरळ असतो की भांडं सुखरूप राहतं. वितळली तर जाळी वितळते.

आणि वीज? सेकंदाला दहा लाख न्यूट्रॉन निघाले तरी हौशी माणसाने पेढे वाटावेत. पण त्यातून मिळणारी शक्ती जेमतेम एक मायक्रोवॅट, आणि आत ओतायची तीन-चारशे वॅट. तेव्हा वीज कंपनीचं बिल भरत राहा.

खर्चाचा खरा घास घेते ती निर्वात पोकळी. एसीवाल्यांचा रोटरी पंप बडोद्याच्या मकरपुऱ्यात जुना मिळेलही. त्यावर जाळीभोवती सुंदर जांभळा उजेड दिसतो, आणि मुलं तिथेच फसतात. तो उरलेल्या हवेतला विद्युत-विसर्ग, निऑनच्या पाटीतला असतो तसाच. फ्यूजनसाठी आधी डिफ्यूजन किंवा टर्बो अशा जास्त खोल निर्वात करणाऱ्या पंपाने भांडं नीट रिकामं करावं लागतं. मग वातावरणाच्या दाबाच्या लाखाव्या हिश्श्याइतका ड्युटेरियम भरायचा. गंमत अशी, की बडोद्यातच १९७७ पासून खत कारखान्याच्या अमोनिया वायूतून जड पाणी, म्हणजे ड्युटेरियमचं पाणी, काढत. पण ड्युटेरियम अणुऊर्जा कायद्याच्या यादीतला पदार्थ, तो मागायला गेलं की कागदपत्रं आली.

मी त्या विद्यार्थ्याला मायक्रोवेव्ह ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरला हात लावू दिला नाही. फ्यूसरला तो पुरत नाही, माणूस मारायला मात्र पुरतो. शिवाय वीस हजार व्होल्टच्या वर क्ष-किरण काचेच्या खिडकीतून बाहेर येऊ लागतात. तिथे डोळा नव्हे, कॅमेरा लावायचा. आणि किरणं देणारं यंत्र चालवायला अणुऊर्जा नियामक परिषदेची परवानगी हवी. म्हणून ड्युटेरियमचा प्रयोग घरी नाही, एखाद्या प्रयोगशाळेच्या छताखाली आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली.

त्याने आधी करावं ते मोजणं. उच्च व्होल्टेजच्या ठिणग्यांचा विद्युत गोंगाट न्यूट्रॉन मोजणाऱ्या काउंटरमध्ये शिरतो आणि काटा उगाच उड्या मारतो. तेव्हा त्याच व्होल्टेजवर, वायूच्या त्याच दाबाला एकदा साधा हायड्रोजन भरून बघायचं, कारण त्यातून इथे न्यूट्रॉन निघत नाहीत. आकडा तसाच राहिला, तर ते न्यूट्रॉन नव्हतेच.