आधी फाँट, मग रुंदी, आणि उंची मोकळी सोडा

तुम्ही सगळे शाळेच्या ऑफिसात हजेरी, निकाल, फीच्या याद्या करता, म्हणून एक्सेलमध्ये मराठी याद्यांसाठी टेम्प्लेट, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरायचा कोरा नमुना, कसा करायचा त्या मुद्द्यावर थेट येतो. मागे एका शाळेत मुलांच्या नावांची यादी प्रिंट होऊन भिंतीवर लागली होती आणि त्यात ‘पूर्वा’ची ‘पर्वा’ झाली होती. टाइप करणाऱ्याने बरोबरच टाइप केलं होतं हो, पण रो, म्हणजे शीटमधली आडवी ओळ, इतकी बुटकी की खालचा उकार कापला गेला. मला ते फार लागलं, कारण त्या पोरीचं नाव आहे ते.

हे होतं कसं बघा. एक्सेलमध्ये कॅलिब्री फाँट ११ साइजचा असेल तर कोरी रो १५ पॉइंटची येते. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच, म्हणजे ही रो साधारण सव्वापाच मिलिमीटर. इंग्रजीला तेवढी पुरते, पण आपल्या अक्षराला वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, त्याला वरखाली जागा लागणारच. शिवाय कॅलिब्रीत देवनागरी अक्षरं नाहीतच, तिथे दुसराच फाँट येऊन बसतो. आणि आपण काय करतो, सगळं शीट सिलेक्ट करून रो हाइट १५ टाकतो, यादी एका पानात बसावी म्हणून! एकदा हाताने आकडा टाकला की ती रो तिथेच अडकते, मग फाँट वाढवा नाहीतर रॅप टेक्स्ट करा, म्हणजे मजकूर त्याच सेलमध्ये दोन ओळींत मोडा, ती वाढत नाही.

म्हणून टेम्प्लेट करताना पहिलं काम फाँटचं. होम टॅबमध्ये सेल स्टाइल्स, तिथे ‘नॉर्मल’वर, म्हणजे सगळ्या सेलच्या मूळ स्टाइलवर, राइट क्लिक, मॉडिफाय, आणि निर्मला यूआय किंवा मंगल लावा. डिफॉल्ट उंची त्या फाँटप्रमाणे आपोआप येते. रुंदी नंतरच ठरवायची, कारण कॉलमची रुंदी मोजतात ती नॉर्मल फाँटचे किती शून्य शेजारी शेजारी बसतात त्यावर. कोऱ्या शीटमध्ये कॉलमची रुंदी ८.४३ दिसते ती म्हणजे तेच, सेंटिमीटर नव्हे. आधी रुंदी लावून मग फाँट बदललात तर सगळी मेहनत पाण्यात. आणि २० रुंदी म्हणजे २० मराठी अक्षरं असंही समजू नका, सगळ्यात लांब नाव टाइप करूनच बघा.

मग होम टॅबमधल्याच फॉरमॅटमध्ये डिफॉल्ट विड्थ, म्हणजे सगळ्या कॉलमची नेहमीची रुंदी, टाका. ज्या कॉलमला तुम्ही आधी हात लावलाय ते त्याने बदलत नाहीत, हे लक्षात ठेवा. जन्मतारखेचा कॉलम हाताने अरुंद केला असेल तर तिथे #### दिसणारच.

सेव्ह करताना ‘एक्सेल टेम्प्लेट’ प्रकार निवडून नाव ‘बुक’ द्या, अर्थात इंग्रजी स्पेलिंगमध्ये, आणि फाइल एक्सएलस्टार्ट फोल्डरात, म्हणजे एक्सेल सुरू होताना जे फोल्डर बघतो त्यात, ठेवा. मग कंट्रोल-एन दाबलं की तुमचंच कोरं शीट येतं. सुरुवातीच्या स्क्रीनवरच्या ब्लँक वर्कबुकवर क्लिक केलं तर मात्र जुनंच येतं, त्यात बरेच जण फसतात.

मगाशी मॅडमनी विचारलं की शाळेचं नाव मर्ज करून, म्हणजे शेजारचे सेल एकत्र जोडून, दोन ओळीत लिहिलं तर रो का वाढत नाही. मर्ज सेलला ऑटोफिट, म्हणजे मजकुराप्रमाणे उंची आपोआप वाढणं, चालतच नाही मॅडम, तेवढी एकच रो हाताने वाढवा, बाकीच्या सगळ्यांना ऑटोफिटवरच राहू द्या.